काडेचिराईत, दगडफूल आणि व्हिस्की: घरी बिटर्स करायची पद्धत

लहानपणी ताप येऊन गेला की आजी रात्री तांब्यात काडेचिराईत भिजत घालायची आणि सकाळी ते पाणी नाक दाबून प्यायला लावायची. ती चव ज्यांच्या जिभेवर अजून आहे त्यांना बिटर्सची, म्हणजे कडू काड्या-मुळ्या आणि मसाले दारूत भिजवून काढलेल्या अर्काची, वेगळी ओळख करून द्यायला नको. फरक एवढाच की इथे पेलाभर प्यायचं नाहीये, व्हिस्कीच्या ग्लासात दहा-बारा थेंब घालायचेत, आणि पाण्याऐवजी व्होडकात भिजवायचंय. मी कोपरखैरण्याला राहतो, एपीएमसीचं मसाला मार्केट स्कूटरवरून दहा मिनिटांवर, त्यामुळे गेली तीन वर्षं विकतचे बिटर्स बंद करून घरचेच वापरतोय. घरी येणारा प्रत्येक जण रेसिपी मागतो आणि दर वेळी माझं काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट सरळ सांगतो. महाराष्ट्रात व्हिस्की, व्होडका वगैरेसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परवाना पण लागतो, तो काढून ठेवा. हे बिटर्स घरच्यापुरते करायचे, विकायचे नाहीत. आणि पिऊन झाल्यावर पाम बीच रोडवर गाडी काढायची नाही, पाहुण्यांना एकतर रिक्षात बसवून द्या नाहीतर हॉलमध्ये गादी घाला.

आता मुद्द्याचं. कॉकटेल या शब्दाची जी सगळ्यात जुनी छापील व्याख्या सांगितली जाते ती १८०६ ची आहे, न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका पेपरात आलेली, आणि त्यात चारच गोष्टी आहेत: दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. आज ज्याला ओल्ड फॅशन्ड म्हणतात ते म्हणजे हेच, फक्त पाण्याचं काम बर्फ करतो. मला हे वाचल्यावर पहिल्यांदा पाडव्याची चटणी आठवली होती, कडुनिंबाची कोवळी पानं, गूळ, मिरी, ओवा, मीठ, हिंग. कडू आणि गोड एकत्र आणून त्याला मसाल्यानं बांधायचं हे आपल्याला कोणी शिकवायची गरजच नाही, आपली जीभ त्यावरच वाढलीये. म्हणून मी म्हणतो की बिटर्स परदेशातून आणायची वस्तू नाही, आपल्या घरात सगळं सामान आहे, फक्त ते दारूत कसं उतरवायचं एवढं शिकायचं.

विकतच्या बिटर्समध्ये सगळ्यात प्रसिद्ध अँगोस्टुरा. सीगर्ट नावाचा जर्मन डॉक्टर दक्षिण अमेरिकेतल्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता बोलिव्हार याच्या सैन्यात होता, त्यानं १८२४ मध्ये व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावात पोटाच्या तक्रारींवर औषध म्हणून हे तयार केलं. गावाचं नाव आता सिउदाद बोलिव्हार आहे आणि कंपनी १८७५ मध्ये त्रिनिदादला गेली. म्हणजे त्याची सुरुवात पण आजीच्या तांब्यासारखीच, औषध म्हणून. बहुतेक बिटर्समध्ये कडवटपणासाठी जेन्शन नावाच्या झाडाचं मूळ घालतात, युरोपातल्या डोंगरांत होतं ते. आणि आपलं काडेचिराईत, जे हिमालयातून येतं, ते त्याच जेन्शनच्या कुळातलं आहे. हे कळलं त्या दिवशी मी ऑनलाइन जेन्शन शोधणं सोडलं आणि सरळ काष्ठौषधीच्या दुकानात गेलो.

पण दुकानात जाताना एक काळजी घ्या. काडेचिराईत आणि पालेकिराईत या दोन वेगळ्या वनस्पती आहेत. दोन्ही कडूजहर, त्यामुळे बरेच दुकानदार एकाच्या जागी दुसरं देतात. काडेचिराईत म्हणजे नावाप्रमाणे काड्या, रंग तपकिरी किंवा जांभळट, मोडून बघितलं तर आत पिवळसर गाभा दिसतो. पालेकिराईताच्या काड्या हिरव्या आणि चौकोनी असतात, पानं जास्त. मला एकदा एका दुकानात हिरवंच बांधून दिलं होतं, घरी येऊन भिजवल्यावर लक्षात आलं की कडू आहे पण त्याला तो मातीचा, वाळल्या गवताचा वास नाही, नुसता कडूपणा जिभेवर चिकटून राहिला. तेव्हापासून काडी मोडून बघितल्याशिवाय घेत नाही. आणि शुगरची गोळी चालू असेल तर चिराईताबद्दल आधी डॉक्टरांना विचारा, थेंबभर असलं तरी विचारा.

बाकीचं सामान घरात असतंच, नसेल तर वाशीच्या मसाला मार्केटात किंवा ठाण्यात असाल तर जांभळी नाक्याला मिळतं. दालचिनी, लवंग, हिरवी वेलची, मसाला वेलची, दगडफूल, त्रिफळ आणि संत्री. मसाला वेलची धुरावर वाळवतात म्हणून तिला तो धुरकट वास असतो, व्हिस्कीत तो फार सुंदर बसतो. दगडफूल म्हणजे तर गोड्या मसाल्याचा जीवच, कोरडं असताना नाकाला फारसं जाणवत नाही पण दारूत पडलं की पावसात भिजलेल्या लाकडासारखा वास सोडतं. आणि त्रिफळ, जे आपण बांगड्याच्या आमटीत घालतो, ते जिभेला हलकी झिणझिणी आणतं आणि त्याला लिंबाच्या सालीसारखा सुगंध असतो. त्रिफळाच्या आतली काळी बी काढून टाकायची, नुसती टरफलं घ्यायची. संत्री नागपूरची घ्या, थंडीत घेतलीत तर उत्तम, साल तेलकट आणि चकचकीत बघून घ्या. आत रस कमी असला तरी चालेल कारण आपल्याला सालच हवीये.

दारू म्हणून साधी व्होडका. आपल्याकडे ती ४२.८ टक्क्यांची असते, परदेशी रेसिपीत ५० टक्क्यांच्या वरची सांगतात कारण सुगंधी तेलं जास्त अल्कोहोलमध्ये लवकर उतरतात, पण आपण मसाला नीट ठेचला आणि एक-दोन दिवस जास्त दिले तर ४२.८ मध्ये व्यवस्थित काम होतं. इथे मी हात जोडून सांगतो, जास्त स्ट्राँग पाहिजे म्हणून मेडिकलमधलं स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर असलं काही चुकूनही वापरू नका. त्यात मिथेनॉल असू शकतं, डोळे जातात, जीव जातो. सीलबंद बाटलीतली व्होडका, बस.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच लोक करत नाहीत: सगळे मसाले एकाच बरणीत टाकू नका. मी पहिल्यांदा तसंच केलं होतं, मोठ्या हौसेनं लोणच्याच्या बरणीत सगळं भरलं आणि पंधरा दिवस कपाटात ठेवून दिलं. उघडलं तर नुसती लवंग. दाताच्या दवाखान्यात येतो ना तसा वास, जीभ बधिर. लवंगेतलं तेल फार लवकर उतरतं आणि बाकी सगळ्यांना झाकून टाकतं, आणि एकदा उतरलं की परत काढता येत नाही. अख्खी बरणी ओतून दिली, वाईट वाटलं. संत्र्याच्या सालीला आठवडा लागतो, लवंगेला एक दिवस पुरतो, मग दोघांना एकत्र कसं ठेवणार? फोडणीत पण आपण मोहरी आणि हळद एकदम टाकत नाही. त्यामुळे प्रत्येकाची वेगळी बाटली करायची, प्रत्येकाला त्याचा वेळ द्यायचा आणि शेवटी थेंब मोजून मिसळायचं. काम थोडं वाढतं पण हातात ताबा राहतो.

बाटल्या छोट्या घ्या, जॅमच्या काचेच्या बरण्या पण चालतात, गरम पाण्यानं धुऊन पूर्ण कोरड्या करायच्या. शेवटच्या बिटर्ससाठी होमिओपॅथीच्या दुकानात ३० मिलीची तपकिरी ड्रॉपरवाली बाटली मिळते, ती बेस्ट. एक छोटा डिजिटल काटा असला तर छान कारण इथे एक-दोन ग्रॅमनं फरक पडतो.

माझी मापं देतो. संत्र्याचं सोडून सगळ्यांना ५० मिली व्होडका.

संत्र्याला १०० मिली, दोन मोठ्या संत्र्यांची साल. साल सोलाण्यानं पातळ काढायची, आतला पांढरा भाग जेवढा कमी तेवढा बरा. एका संत्र्याची साल ताजी टाकतो आणि दुसऱ्याची दोन दिवस पंख्याखाली वाळवून टाकतो, ताजीतून सुगंध येतो आणि वाळलेलीतून मुरंब्यासारखी खोली येते. ७ ते ८ दिवस.

काडेचिराईत ३ ग्रॅम, काड्या कात्रीनं बारीक कापून. २४ तासांनी एक थेंब पेलाभर पाण्यात टाकून चाखा, तेवढ्यानं पाणी कडू लागलं की झालं, नाहीतर अजून अर्धा दिवस. दोन दिवसांच्या पुढे नेऊ नका.

दालचिनी ५ ग्रॅम, खलबत्त्यात मोडून, ३ दिवस. मसाला वेलची ३, टरफलासकट ठेचून, २ दिवस. हिरवी वेलची १० दाणे, तीही ठेचून, २ दिवस. दगडफूल २ ग्रॅम, आधी चाळून माती आणि सालींचे तुकडे काढून टाका आणि तव्यावर अगदी सेकंदभर कोमट करा, २ दिवस. त्रिफळाची टरफलं १ ग्रॅम, एक दिवस, जास्त ठेवलं तर कडवट होतं. लवंग १० नग, २४ तास, मिनिटभर पण जास्त नको असं समजा.

रोज एकदा सगळ्या बाटल्या हलवायच्या आणि वास घ्यायचा. कपाटात अंधारात ठेवा, गॅसजवळ नको, आणि लवकर व्हावं म्हणून गरम तर अजिबात करू नका, अल्कोहोलची वाफ पेट घेते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरातच ३३-३४ डिग्री असतं, तेव्हा सगळं भराभर उतरतं, म्हणून वरचे दिवस हे डिसेंबर-जानेवारीचे धरा आणि उन्हाळ्यात चाखायला आधीच सुरुवात करा. बाटलीवर चिकटपट्टी लावून नाव आणि तारीख लिहा. हे न लिहिता ठेवलं तर चौथ्या दिवशी दालचिनी कुठली आणि मसाला वेलची कुठली हे रंगावरून सांगता येत नाही, दोन्ही सारख्याच तपकिरी होतात.

गाळताना आधी चहाची गाळणी, मग मलमलचं स्वच्छ फडकं चौपदरी करून. फडकं नवीन असेल तर आधी दोनदा धुवा, नाहीतर खळीची चव येते. पिळू नका, आपोआप गळू द्या, पिळलं की गाळ उतरतो.

रंग आणि थोडा गोलवा येण्यासाठी मी जळकी साखर घालतो. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे साखर कोरडीच ठेवायची, वितळून गडद तांबूस झाली, थोडा धूर दिसायला लागला की गॅस बंद करून अर्धी वाटी गरम पाणी बाजूनं हळूच सोडायचं. जोरात तडतडतं, चेहरा लांब ठेवा आणि लहान मुलं ओट्याजवळ नकोत. थंड होऊ द्या.

आता मिसळायचं. ३० मिलीच्या बाटलीसाठी माझं प्रमाण असं आहे: संत्रं १० मिली, काडेचिराईत ६, दालचिनी ३, मसाला वेलची २, हिरवी वेलची दीड, दगडफूल दीड, त्रिफळ १, लवंग अर्धा मिली म्हणजे दहाएक थेंब, आणि जळक्या साखरेचं पाणी साडेचार मिली. बरोबर ३० होतं. मापायला मेडिकलमधली बिनसुईची सिरिंज घ्या, ५ मिलीची. लवंग सगळ्यात शेवटी, पाच थेंब टाकून चाखा आणि मग पुढचे पाच. साखरेचं पाणी घातल्यावर बाटली थोडी गढूळ दिसली तर घाबरू नका, संत्र्याच्या सालीतलं तेल पाण्यात विरघळत नाही म्हणून तसं होतं, चवीला काही होत नाही. मिसळल्यावर निदान ५ दिवस तशीच राहू द्या. पहिल्या दिवशी प्रत्येक मसाला वेगवेगळा बोलतो, आठवड्यानं एकजीव होतो, हा फरक इतका असतो की त्याच दिवशी चाखून कोणी नावं ठेवली तर मी ऐकूनच घेत नाही.

हे बिटर्स थंड, अंधाऱ्या जागी वर्षभर आरामात टिकतात, अल्कोहोल ३६ टक्क्यांच्या आसपास राहतं त्यामुळे खराब होत नाहीत.

आता ग्लासाकडे, म्हणजे ओल्ड फॅशन्ड करण्याकडे येऊ. साखरेऐवजी मी गुळाचा पाक वापरतो. १०० ग्रॅम गडद गूळ किसून ५० मिली पाण्यात मंद गॅसवर विरघळवायचा, उकळी नको, नाहीतर चिक्कीच्या वाटेला लागतो. चिमूटभर मीठ. मग गाळून घ्यायचा कारण गुळात उसाची भुसकटं आणि कधी रेती असतेच. फ्रिजमध्ये दोन आठवडे राहतो. पिवळाधम्मक गूळ नको, चॉकलेटी रंगाचा घ्या, त्याला जी किंचित खारट-जळकट चव असते ती व्हिस्कीतल्या लाकडाच्या चवीला धरून राहते.

व्हिस्की कुठली? आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीत मळीपासून केलेलं स्पिरिट असतं, ती आधीच गोडसर आणि जिभेला तीक्ष्ण लागते, त्यात गुळाचा पाक निम्मा करा. बर्बन असेल तर हे सगळ्यात सोपं जमतं, ती निदान ५१ टक्के मक्यापासून करतात आणि आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात ठेवतात, त्यामुळे व्हॅनिला-कॅरामेलचा बाज आधीच असतो. पण माझा स्वतःचा कौल आपल्या सिंगल माल्टला, गोव्याची पॉल जॉन किंवा बेंगळुरूची अमृत. आपल्या उष्णतेत पिंपातली दारू लवकर मुरते, फळांचा आणि मसाल्याचा वास चांगला चढतो, त्यावर दगडफूल-दालचिनी घातली की परकं वाटत नाही. धुराची, म्हणजे पीटेड असलेली मात्र घेऊ नका, मसाला वेलचीचा धूर आणि तो धूर एकमेकांशी भांडतात.

बर्फ हा आपल्याकडचा खरा प्रॉब्लेम. खाडीची दमट हवा, फ्रीजच्या ट्रेमधले छोटे तुकडे दोन मिनिटांत पाणी. मी पोळ्यांचा जुना छोटा कॅसरोल घेतो, झाकण काढून पाण्यानं भरतो आणि फ्रीजरमध्ये ठेवतो. बाजूनं थंडी आत जात नाही त्यामुळे बर्फ फक्त वरून खाली धरत जातो आणि हवेचे बुडबुडे खाली ढकलले जातात, वरचा बर्फ काचेसारखा स्वच्छ मिळतो. पूर्ण गोठू देऊ नका, खाली थोडं पाणी असतानाच काढा, माझ्या फ्रीजला १८-२० तास लागतात, तुमचा बघून ठरवा. दहा मिनिटं ताटात बाहेर ठेवायचा, मग ब्रेडची सुरी वर धरून लाटण्यानं हलके ठोके द्यायचे, सरळ तुकडा पडतो. लगेच मारलं तर चुरा होतो.

ग्लासात ६० मिली व्हिस्की, एक छोटा चमचा म्हणजे ५ मिली पाक, बिटर्सचे १२ थेंब. विकतचे बिटर्स लोक दोन-तीन झटके घालतात, आपले काडेचिराईतामुळे जास्त कडक असतात म्हणून १२ पासून सुरू करा. आधी बर्फाशिवाय ढवळा, पाक खाली बसलेला राहू नये. मग मोठा बर्फ आणि चमच्याच्या पाठीनं ग्लासाच्या कडेकडेनं ३० सेकंद शांतपणे फिरवा. शेकरमध्ये हलवायचं नाही, याला फेस नकोय आणि जास्त पाणी पण नकोय. शेवटी संत्र्याच्या सालीचा बोटभर तुकडा ग्लासावर धरून चकचकीत बाजू खाली करून पिळा, तेलाचा फवारा वर बसतो, उजेडात धरलं तर दिसतो. तीच साल ग्लासाच्या कडेवर फिरवून आत सोडा.

पहिला घोट फक्त वासाचा घ्या, मग चाखा. गोड आधी आलं आणि कडू मागून हळूच येऊन थांबलं, तर बरोबर जमलं. कडू आधी आलं तर थेंब कमी करा, पाक वाढवू नका, कारण पाक वाढवला की सरबत होतं आणि व्हिस्की कुठेच राहत नाही. नुसतं पोकळ लागलं, म्हणजे गोड आहे, दारू आहे पण मधे काहीच नाही, तर तीन थेंब अजून. माझ्या मेव्हण्याला १८ थेंब लागतात, बायकोला ८ च्या वर नको, दोघांनाही एकाच बाटलीतून देतो.

जे दारू पीतच नाहीत त्यांना हे बिटर्स देऊ नका, थेंबभर का होईना त्यात दारू आहे, न सांगता तर कधीच नको. त्यांच्यासाठी मी काडेचिराईताची एक काडी आणि थोडी दालचिनी रात्री कोमट पाण्यात भिजवतो आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी दोन चमचे, गुळाचा पाक, लिंबू आणि सोडा असं करून देतो. माझ्या आईला ते आवडतं, आजीच्या तांब्याची आठवण येते म्हणते.

मिसळून उरलेल्या बाटल्या टाकू नका, प्रत्येकाची अर्धीअधिक शिल्लक राहते. पुढच्या खेपेला दगडफूल दुप्पट करून बघा, किंवा त्रिफळ वाढवून संत्र्याऐवजी कागदी लिंबाची साल. आणि गाळून उरलेली संत्र्याची साल फेकायच्या आधी साखरेत घोळवून पंख्याखाली वाळवा, पुढच्या ग्लासाबरोबर बशीत ठेवायला होते, फक्त तीही मुलांच्या हाताला लागणार नाही अशी उंचावर ठेवा.